पदक विसरलेला पांडुरंग

गंगाखेडची माणसं जनाबाईबद्दल इतक्या सलगीनं बोलतात, की ती पलीकडच्या गल्लीत राहते असं वाटावं. जनी आमची, गोदाकाठची. लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेली आणि तिथली होऊन राहिली. गोष्ट तेराव्या-चौदाव्या शतकातली. दळण, कांडण, पाणी, शेण-गोवऱ्या आणि उरलेल्या वेळात अभंग. उरलेला वेळ म्हणजे तरी काय, दळता दळताच. नोकरी आणि लेखन दोन्ही सांभाळणारी परभणी जिल्ह्यातली ही पहिली बाई, असं म्हणायला हरकत नसावी. पगार तेवढा नव्हता. सुट्टीही नव्हती.

तिचे कष्ट बघवेनात म्हणून विठ्ठल जात्यापाशी येऊन बसला, ही कथा सगळ्यांनी ऐकलेली असते. जनी रोज पायलीपायलीनं दळत होती, त्याचा चमत्कार झाला नाही. देवानं खुंट्याला हात लावला आणि सातशे वर्षं कीर्तनं चालली. आमच्या ऑफिसात एका साहेबांनी, बायको माहेरी गेली होती म्हणून, घरी पिठलं केलं. ते पिठलं आठवडाभर चर्चेत होतं. गुठळ्यांसकट.

कथेचा पुढचा भाग संसारी बायकांनी नीट ऐकण्यासारखा आहे. देव दळायला आला, दमला आणि तिथंच झोपला. काकड्याची वेळ झाली तशी त्याची धांदल उडाली. घाईत शेला समजून जनीची वाकळ पांघरली, गळ्यातलं पदक तिच्याकडेच विसरला आणि राऊळात पळाला. शोधाशोध झाली, पदक जनीकडे निघालं. चोरीचा आळ आला, तिला सुळावर द्यायला नेलं. सुळाचं पाणी झालं म्हणून निभावलं. पुरुषमाणसानं हौसेनं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, की मागचं निस्तरणं कुणाच्या गळ्यात पडतं, हे ही कथा पहिल्यांदा सांगणाऱ्याला पक्कं ठाऊक असणार. सांगणारीला, असंच मी म्हणेन.

आता परभणीहून जिंतूर, सेलू, पालम, गंगाखेडला अपडाऊन करणाऱ्या आम्हा बायकांचं. यात शाळेतल्या बाई असतात, नर्सबाई असतात, बँकेतल्या नि तहसीलमधल्या असतात. मुख्यालयी राहा म्हणून वरून सांगणं येत असतंच. पण लेकरांची शाळा परभणीत, सासूबाईंचा दवाखाना परभणीत आणि नवऱ्याची नोकरी मानवतला, तर बाईनं कुठल्या मुख्यालयी राहावं? म्हणून ती एसटीत राहते. 17 मार्च 2023 पासून एसटीत आम्हाला अर्धं तिकीट आहे. काम पूर्ण, तिकीट अर्धं. हिशेबात कुठंतरी पहिल्यांदाच आमच्या बाजूनं चूक झाली म्हणायची.

बस सुटून पाचेक मिनिटं झाली की फोन सुरू होतात. ‘‘तीन शिट्ट्या झाल्या का? मग बंद कर. झाकण नको काढू आत्ताच. अरे, झाकण नको काढू म्हटलं ना!’’ सगळी बस श्वास रोखून बसते. पलीकडून काहीतरी ऐकू येतं. बाई डोळे मिटतात. ‘‘पोळलं नाही ना? बरं. ओट्यावरचं राहू दे, मी आले की पुसते.’’ कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायचा थांबलेला असतो.

29 फेब्रुवारी 2020 पासून सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आला. शनिवार मोकळा झाला आणि रोजची वेळ पाऊण तासानं वाढून पावणेदहा ते सव्वासहा झाली. साहेबलोकांना शनिवार मिळाला. आम्हाला डाळींना ऊन दाखवायचा वार मिळाला.

अर्थात, पगारी बायकांची ही रडगाणी बसच्या खिडकीतून शिवार दिसलं की जरा गप्प होतात. दव उडालं की कापूस वेचणाऱ्या बाया ओळीनं तासात उतरतात. त्याआधी त्यांच्या घरची भाकरी, धुणं, जनावराचं सगळं उरकलेलं असतं. कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात चालू. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला घुसतात, पण थांबायची सोय नाही, वेचणी किलोवर. तिचा तास घड्याळानं भरत नाही, काट्यावर भरतो. परभणीच्या कृषी विद्यापीठात, ते 1972 पासून आहे, गृहविज्ञान शाखेच्या मंडळींनी शेतकरी बायकांचे काबाडकष्ट कमी व्हावेत म्हणून काम केलंय. चांगलंच केलंय. पण शिवारातून घरी गेल्यावर चुलीपुढं जी दुसरी पाळी सुरू होते, तिच्यासाठी हातमोजे कोण शिवणार?

या दुसऱ्या पाळीचा हिशेब दिल्लीनं मात्र मांडलाय. वेळ कसा जातो याची देशभर पाहणी झाली, 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशीचे पहाटे चार, असा दिवस धरतात. कुणीतरी पहाटे चारला उठणारी बाई पाहिलेली असणार. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे खाने पाडतात आणि एका खान्यात फार तर तीन कामं लिहितात. सकाळी सात ते साडेसातच्या खान्यात तीनच कामं कोणती लिहायची, यावर आमच्या बसमध्ये जिंतूर येईपर्यंत एकमत झालं नाही. 2024 चा आकडा असा, की बायकांची घरकामात दिवसाला 289 मिनिटं जातात आणि पुरुषांची 88. ऐकून एकीला वाईट वाटण्याऐवजी आश्चर्यच वाटलं. ‘‘अठ्ठ्याऐंशी? कुणाच्या घरी?’’ मग तिला सांगावं लागलं, की हे घरकाम करणाऱ्या पुरुषांचं सरासरी माप आहे. काडीही न हलवणारे त्यात धरलेले नाहीत. ‘‘मग बरोबर आहे,’’ म्हणाली, ‘‘आमचे न धरलेल्यांत आहेत.’’

त्याच बसमध्ये मी बालसंगोपन रजेचा राज्य सरकारचा 2018 चा निर्णय वाचून दाखवला. बायकांना सगळ्या नोकरीत मिळून 180 दिवस, लेकरू अठरा वर्षांचं होईपर्यंत. पुरुषांनाही मिळते, पण बायको हयात नसेल तर, नाहीतर असाध्य आजारानं अंथरुणाला खिळली असेल तर.

‘‘म्हणजे ह्यांना लेकरापाशी बसवायचं तर मी आधी मरायचं?’’ नर्सबाईंनी विचारलं.

‘‘मरायलाच पाहिजे असं नाही. अंथरुणाला खिळलात तरी चालतं.’’

नर्सबाईंनी थोडा विचार केला. रात्रपाळी करून आल्या होत्या. ‘‘खिळायला माझी ना नाही गं,’’ म्हणाल्या, ‘‘पण मग दुधाचा हिशेब कोण ठेवील?’’