प्रॉम्प्टर

(मंच रिकामा. समोरच्या खड्ड्यातून एक डोकं वर येतं. हातात नाटकाची वही.)

मायबाप हो, नीट पाहून घ्या. आंबागडचे लोक मले इतकाच ओळखतात. गळ्याच्या वर.

मी झाडीपट्टीतला प्रॉम्प्टर. भाऊबीज झाली का मंडईची जत्रा, मंडई आली का रातभर नाटक. राजा विसरते, आठवतो मी. तलवार त्याची, टाळ्या त्याच्या, मच्छर माझे.

यंदा हिरोचा घसा बसला. मंडळाचे अध्यक्ष म्हने, "का गा, तुले सारं पाठ आहे. तूच उभा राय." मले हीवच भरलं.

बायको म्हने, "फजितीले भेता का?"

म्हटलं, "फजितीची सवय आहे वं. जमलं तं काय करू?"

हसू नका, हिशेब पाहा. पडलो, तं लोक दोन दिवस हसतीन, मंग धान कापाले जातीन. पन जमलं, तं पुढच्या सालीबी जमवा लागीन! साळा म्हनन, भाऊजी आता मोठे झाले, उसने द्या. गडचिरोलीचे परशुराम खुणे असेच झाडीपट्टीच्या मंचावर उभे झाले, अन् 2023 मंदी पद्मश्री भेटली. मंजे मले दिल्लीले जा लागीन. कोटाचे पैसे कोन देईल?

पोरगी तुमसरले मानसशास्त्र शिकते. थे म्हने, "बाबा, अमेरिकेत मतीना हॉर्नर बाईनं हे 1968 सालीच पाहून ठेवलं. पोरींले गोष्ट पुरी कराले सांगितली: अ‍ॅन डॉक्टरीच्या वर्गात पहिली आली. कितीतरी पोरींनं लिहिलं, आता तिच्यासंगं कोनी बोलन नाही, तिचं लगन होन नाही."

म्हटलं, "माझं तं झालं आहे."

"मंग भेता कायले?"

(गप्प. वही चाळतो.)

मंग पोरगी मले किल्ल्यावर घेऊन गेली. आमचा आंबागड, 1700 च्या आसपासचा, राजा खान पठाणानं बांधलेला. भोसल्यांच्या काळात तिथं कैदी ठेवत. म्हने, "त्याईले शिपाई कोंडत होते. तुमाले खड्ड्यात कोन कोंडलं, बाबा?"

आता याले काय उत्तर देता, सांगा!

म्हने, "बंडुरा नावाचा मोठा मानसशास्त्रज्ञ सांगते, सगळ्यात पक्का भरवसा करून पाहिल्यानं येते. एक वाक्य म्हना." म्हटलं. भिंत काही बोलली नाही. मंग एक पान. मंग राजाचा अख्खा प्रवेश, तलवारीच्या जागी पळसाची काडी! खालून बकऱ्या चारनारा पोट्टा ओरडला, "वन्स मोअर!" म्या दुसऱ्यांदा म्हटलं. पोरगी म्हने, "बाबा, वही तं घरीच रायली."

भेव गेलं का? कुठं जाते! थे बी संगं उतरलं, पायऱ्या मोजत.

(खड्ड्यातून चढून मंचावर येतो. पहिल्यांदाच पूर्ण दिसतो. धोतर नेसलेला, वरून राजाचा कोट.)

तं मंडळी, यंदा मंडईले राजा मी आहो. सारे या. फक्त एक अडचन आहे, हा खड्डा रिकामा झाला. ज्याले वाचता येते अन् मच्छर चालतात, त्यानं आजच अध्यक्षाले भेटावं. पन बाप्पा, हळू सांगजो. मले सारं पाठ आहे!