ब्रास, उचल आणि डॅशबोर्ड

नांदेडच्या तरोडा नाक्यापासून लातूरच्या औसा रोडपर्यंत बांधकामवाल्यांच्या ऑफिसांत हल्ली एक नवा पाहुणा येतो. पाठीला सॅक, हातात लॅपटॉप, शर्ट कडक इस्त्रीचा. सॉफ्टवेअर विकायला पुण्याहून आलेला पोरगा. त्याला चहा मिळतो, मान मिळतो. ऑर्डर मात्र ‘बघू की, दिवाळी होऊ द्या’ यावर जाते.

कंत्राटदार अडाणी असतो म्हणून नव्हे. 2017च्या मे महिन्यात रेरा आला, जुलैत जीएसटी. गिऱ्हाइकाच्या पैशांतले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवा, दर तीन महिन्यांनी कामाची प्रगती कळवा. खिशातल्या डायरीवर आता भागत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. टॅली आहे, ती सांभाळायला अकाउंटंट आहे. घोडं अडतं ते साइटवर.

वाळूच घ्या. पोरगा विचारतो, “युनिट काय टाकू?” मालक म्हणतो, “ब्रास.” वाळूचा ब्रास म्हणजे 100 घनफूट, आणि प्लास्टर मोजायला घेतलं की तोच ब्रास 100 चौरस फूट. पोरगा इथंच घामाघूम. पुढं ट्रकमध्ये माल किती, हे पावतीला विचारलं तर एक उत्तर, ड्रायव्हरला विचारलं तर दुसरं आणि टेप लावली तर तिसरं. सॉफ्टवेअरमध्ये रकाना एकच.

मग उचल. मुकादमानं मागच्या पंचमीला घेतलेली, त्यावर दर बाजाराची खर्ची चढलेली. सॉफ्टवेअर ती बाकी लालभडक रंगात दाखवतं, लवकर वसूल करा म्हणतं. मालक हसतो. बाकी फिटली की मुकादम टोळी घेऊन दुसऱ्याच्या साइटवर! मुकादमाला विचाराल तर तो हीच गोष्ट जरा वेगळ्या चेहऱ्यानं सांगेल, पण त्याला डेमोला कुणी बोलवत नाही.

आणि काही गोष्टी रकान्यात बसतच नाहीत. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपानंतर किल्लारीच्या आसपास गावंच्या गावं नव्यानं बांधली गेली. या भागातला जुना मिस्त्री अजूनही काँक्रीट पडायच्या आधी वाकून बघतो, की रिंगचा हूक आत पुरता वळवलाय का. डॅशबोर्डवर ‘कॉलम पूर्ण’ म्हणून हिरवी खूण उमटते तेव्हा तो हूक काँक्रीटच्या पोटात गेलेला असतो.

खरी गंमत हजेरीच्या वेळी.

“म्हणजे मिस्त्री किती वाजता आला ते मला घरबसल्या दिसणार?”

“हो काका, लाइव्ह. आणि तुमच्या पार्टनरलाही सगळा खर्च दिसेल.”

काकांचा हात कपाकडे जातो. सगळ्यांचं आपल्याला दिसावं, आपलं कुणाला दिसू नये, असं सॉफ्टवेअर बाजारात आहे का, एवढंच त्यांना विचारायचं असतं. विचारत नाहीत, ही खानदानी रीत.

माझं म्हणाल तर, फीचरची यादी बाजूला ठेवावी. मे महिन्यातल्या दुपारी चौथ्या स्लॅबवर जाऊन तो मोबाइल सुपरवायझरच्या हातात द्यावा. बोटांना सिमेंट, उन्हात स्क्रीन दिसेना, रेंज येऊनजाऊन. तरी त्यानं दहा माणसांची हजेरी भरली, वर अर्ध्या दिवसानं गेलेल्या बिगाऱ्याची अर्धी हजेरीही लावता आली, तर घ्यावं. डेमो एसीत बघून घेतलेलं सॉफ्टवेअर एसीतच राहतं.

शेवटी गाडी पैशांवर येते. “दरसाल भरायचे? का रे बाबा? मी घर बांधून दिल्यावर दरसाल येऊन पैसे मागतो का? उक्तं सांग.”

पोरगा उक्तं सांगतो. काका कॅल्क्युलेटर ओढतात, आकडा खाली आणतात, आणि सरकारी बिलांनी आयुष्यभर शिकवलेलं कलम अगदी प्रेमानं पुढं करतात.

“यातले दहा टक्के डिपॉझिट म्हणून माझ्याकडं राहतील. एक पावसाळा जाऊ दे. कुठं गळलं नाही, तर घेऊन जा.”