परसातला आराखडा, मुक्काम एडिसन

एडिसन, न्यू जर्सी
मार्चअखेर

तीर्थरूप आई आणि बाबा यांस सूनबाईंचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मागचं पत्र वाचून बाबा म्हणाले होते, "मी-मी फार आणि बातमी कमी." म्हणून हा वृत्तांत त्रयस्थाने लिहावा तसा. बातमी अशी, की तुमच्या चिरंजीवांनी घरामागे भाजीपाला करायचं मनावर घेतलं आहे. अजून मातीत एक दाणा पडलेला नाही. एक्सेलची फाईल मात्र भरघोस आली आहे.

या राज्याच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'गार्डन स्टेट' असं छापलेलं असतं. १९५४ साली विधिमंडळाने तसं ठरवलं तेव्हा गव्हर्नर मेनर यांनी नकाराधिकार वापरला होता आणि सभागृहांनी तो धुडकावून लावला. इतकं भांडून मिळवलेल्या नावाला जागायला हवं, असं चिरंजीवांचं म्हणणं. दर शनिवारी गवत कापायचा कंटाळा हे खरं कारण सूनबाईंना ठाऊक आहे, पण त्या बोलल्या नाहीत.

आपल्याकडे कुदळ घेतली की माणूस खणायला लागतो. इथे स्वतःच्या परसात खणायचं तरी आधी ८११ नंबरवर कळवावं लागतं, तेही कामाचे निदान तीन दिवस आधी. कायदाच आहे. मग माणसं येऊन जमिनीखालून काय काय गेलंय त्याच्या खुणा रंगाने फवारून जातात. विजेची तांबडी, गॅसची पिवळी, पाण्याची निळी, टेलिफोनची नारिंगी. पैसे घेत नाहीत. आपल्या गवतावरच्या रेघा बघून धाकटीने विचारलं, "नाशिकची रंगपंचमी ती हीच का?" फाईलमध्ये वांग्यांसाठी राखलेल्या, सर्वांत जास्त उन्हाच्या कोपऱ्यातून नेमकी पिवळी रेघ गेली. वांगी सरकली.

मग माती. इथली माती तांबडी आणि पायाला चिकटणारी. तिचा नमुना रटगर्स विद्यापीठाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेला धाडला. शेजारचे आजोबा 'रटगर्स' याच नावाचा टोमॅटो लावतात. तो १९३४ साली त्याच विद्यापीठातल्या शर्मरहॉर्न नावाच्या प्राध्यापकांनी तयार केला. त्यामुळे अहवालाला घरात वेदवाक्याचा मान मिळाला. माती आम्लधर्मी आहे, चुना घाला, असं त्यात लिहून आलं. मातीला चुना चिरंजीवांनी लावला. त्यांना कुणी लावला ते खताच्या दुकानाच्या बिलावरून कळतं.

लागवडीचं शास्त्र त्यांनी मेल बार्थोलोम्यू यांचं पत्करलं आहे. हे गृहस्थ लाँग आयलंडचे निवृत्त इंजिनियर. १९८१ साली त्यांचं पुस्तक आलं आणि अमेरिकेत चौरस फुटांची शेती सुरू झाली. चार बाय चार फुटांचा लाकडी वाफा करायचा, त्याचे सोळा चौकोन पाडायचे. एका चौकोनात टोमॅटोचं एकच रोप, पालकाची नऊ, मुळ्याची सोळा. इंजिनियरने इंजिनियरसाठी लिहिलेलं असल्याने चिरंजीव हरखले आणि त्यांनी मेथीलाही सोळाच्या कोष्टकात बसवलं. सोळा काड्यांची जुडी कुठल्या बाजारात मिळते, ते आईंनी येत्या रविवारी फोनवर त्यांना विचारावं. मेथी मूठभर घेऊन विस्कटायची असते, हे सूनबाईंनी सांगून झालं. त्यांच्याकडे पुस्तक नसल्याने ते बाद ठरलं.

आता कांद्याचं. बाबा लासलगावहून ओळखीच्या माणसाचं बी पाठवणार म्हणतात. त्यांच्या उत्साहावर पाणी घालताना जिवावर येतं, पण पाठवू नये. कांदा नुसत्या मातीवर पोसत नाही, तो दिवस मोजतो. नाशिकच्या जातींना साधारण अकरा-बारा तासांचा दिवस झाला की गड्डा धरायची घाई होते. नाशिक विसाव्या अक्षांशावर, एडिसन चाळीस ओलांडून. तुमच्याकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, इथे पंधरा तासांचा. थंडी सरून रोपं बाहेर लावावीत तोवर इथला दिवस बारा तासांच्या पुढे गेलेला असतो. आपलं रोप दोन पानांवर असतानाच गड्डा धरायला लागेल आणि हाती येतील गोट्या. इथे मोठ्या दिवसाच्या जातीच लागतात.

वालाची गत नेमकी उलटी. आपल्याकडचे बरेच वाल दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलत नाहीत. म्हणजे सप्टेंबरात फुलं, आणि ऑक्टोबरात कडाक्याची रात्र आली की वेल काळा. शेजारणीने गेल्या उन्हाळ्यात कुंपणावर जांभळा वाल चढवला होता, शोभेसाठी! दाणे विषारी असतात, मुलांना हात लावू देऊ नका, असंही तिने बजावलं. कच्च्या वाळल्या दाण्यांपुरतं ते खरंच आहे. आपण वाल भिजवून, मोड आणून, सोलून, शिजवून खातो, हे ऐकल्यावर ती बराच वेळ सूनबाईंकडे आदराने बघत राहिली.

राहता राहिली हरणं. संध्याकाळी ती परसात अशी येतात, जणू कर त्यांनीच भरलाय. हरीण अडवायला आठ फुटांचं कुंपण लागतं आणि आपल्या गावाचा नियम सहा फुटांवर थांबतो. म्हणून आराखड्यात बाहेरून लसूण आणि पुदिन्याची तटबंदी आहे. त्या वासाला हरणं नाक मुरडतात. शेजारच्या आजोबांच्या मते भुकेलं हरीण कशालाही नाक मुरडत नाही. सूनबाई आजोबांच्या बाजूच्या आहेत.

फाईल काही म्हणो, होणार ते एवढंच: एप्रिलमध्ये मेथी, आणि तीही ओक ट्री रोडवरच्या वाण्याकडच्या दाण्यांची. मेअखेर जमीन तापली की भेंडी. मध्ये आजोबांनी दिलेली टोमॅटोची रोपं. कोथिंबीर जूनच्या उन्हात तुऱ्यावर जाईल, तोवर खाऊन घ्यायची.

एक विनंती. जूनमध्ये याल तेव्हा लाडवांच्या डब्यात बियांच्या पुड्या दडवू नका. बियांना वनस्पती-आरोग्याचा दाखला तरी लागतो, नाहीतर आधी काढलेला परवाना. त्या परवान्यातही एका पुडीत फार तर ५० बिया किंवा १० ग्रॅम. ताजा कढीपत्ता तर आणूच नका. त्यावरून येणाऱ्या किडीने इथल्या संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग लागतो, म्हणून बंदी आहे. बाबांचं खुरपं मात्र जरूर आणा, मोठ्या बॅगेत घालून. फक्त ते घासून, धुऊन, कोरडं करून आणा. नाशिकची माती त्याला चिकटलेली दिसली तर विमानतळावरच अडवतील.

कळावे, लोभ असावा.
आपली,
सूनबाई