दुचाकीवर कॅमेरा बांधण्याचे शास्त्र : धर्माबाद परिसराच्या विशेष संदर्भात

मोटारसायकलीवरून छायाचित्रणासाठी दूरच्या प्रवासाला निघणाऱ्याने बरोबर काय घ्यावे आणि ते कसे बांधावे, या विषयावर जगभर पुष्कळ लिहिले गेले असले, तरी ते लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात घरून निघताना कोणी दोन किलो तिखट ठेवत नसावे, असे मानण्यास भरपूर जागा आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, तेलंगणाला खेटून वसलेले धर्माबाद हे तालुक्याचे गाव लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असून, तेथून पाहुण्यांकडे रिकाम्या हाताने जाणे तेथील शिष्टाचारात बसत नाही. छायाचित्रणाचा प्रवास म्हणजे पाहुण्यांकडे जाणे नव्हे, असा बचाव काही तरुण करतात. परंतु ज्यावर एखादे तरी मावशीचे, आत्याचे वा चुलत्याच्या साडूचे घर लागत नाही, असा रस्ता नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत अद्याप बांधला गेलेला नसल्यामुळे तो बचाव टिकत नाही. म्हणून या शास्त्राचे पहिले गृहीतक असे की, कॅमेरा आणि तिखट एकाच गाडीवरून जाणार.

या सहप्रवासाचे गांभीर्य कळण्यासाठी कॅमेऱ्याची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. ज्या कॅमेऱ्याची लेन्स, म्हणजे प्रकाश गोळा करणारी काचांची नळी, काढून दुसरी बसवता येते, त्याच्या आत पूर्वीच्या फिल्मच्या जागी सेन्सर नावाची, प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणारी चौकोनी पट्टी असते. फुल फ्रेम या मोठ्या प्रकारात तिचा आकार ३६ गुणिले २४ मिलिमीटर असतो. या पट्टीच्या पृष्ठभागावर अल्पसा स्थिर विद्युतभार साचत असल्याने ती धूळ धरून ठेवते, आणि लेन्स बदलण्याच्या त्या चार-दोन क्षणांत आत शिरलेला कण पुढच्या प्रत्येक छायाचित्रात, विशेषतः आकाशाच्या भागात, काळसर ठिपका होऊन ठाण मांडतो. सर्वसाधारण मार्गदर्शनात ही धूळ वाळवंटातली किंवा समुद्रकाठची धरलेली असते. मिरचीच्या मोसमात धर्माबादच्या बाजारात लेन्स बदलणाऱ्याला मात्र कण कशाचा, हे शिंकेवरून कळते. त्याहून गंभीर बाब डोळ्याची आहे. कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूस ज्या खिडकीला डोळा लावून दृश्य पाहतात, तिच्याभोवती मऊ रबराची कड असते. तिखटाच्या पिशवीची सैल झालेली गाठ ज्या बोटांनी आवळली, त्याच बोटांनी ही कड पुसली जाते, आणि त्यानंतर छायाचित्रकार मोठ्या एकाग्रतेने तिला डोळा लावतो. पुढची पंधरा मिनिटे समोरचे दृश्य कितीही सुंदर असले, तरी ते दुसऱ्या कोणाला तरी पाहावे लागते.

बांधाबांधीच्या आदल्या रात्री बाजेवर जे साहित्य मांडले जाते, त्याची संख्या ज्या तत्त्वाने ठरते, त्यास ‘लागलं तर’ हे तत्त्व म्हणता येईल. देवळाचा सबंध दर्शनी भाग एका चौकटीत यावा म्हणून रुंद कोनाची लेन्स घेतली जाते. माणसांसाठी ५० मिलिमीटरची. दूरचा पक्षी जवळ दिसावा म्हणून ७० ते २०० मिलिमीटरची. आणि प्रवास किल्ल्यांचा असला, तरी वाटेत एखादा देखणा किडा भेटलाच तर काय, या विचाराने मॅक्रो, म्हणजे अगदी बारीक वस्तू मोठी टिपणारी लेन्सही बाजेवर येते. यांपैकी ७० ते २०० मिलिमीटरची लेन्स, तिच्या एफ २.८ या अधिक प्रकाश घेणाऱ्या अवतारात, दीड किलोच्या घरात जाते आणि नवी घेतल्यास तिची किंमत, जिच्यावर ती बांधायची त्या शंभर सीसीच्या गाडीहून अधिक भरते; ही दुसरी बाब घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कानावर जाणार नाही, याची काळजी प्रवासाच्या तयारीत सर्वांत आधी घेतली जाते. या तत्त्वाचे बळ असे की ते खोडून काढता येत नाही. नेलेली वस्तू लागली नाही, तर ‘असू दे, बरोबर होती’ एवढ्यावर भागते. न नेलेली वस्तू मात्र हमखास लागते, अशी या पंथाची श्रद्धा असून तिला पुराव्याची गरज भासलेली नाही. मग खोगीरभरतीला सुरुवात होते : जादा बॅटऱ्या, दोन चार्जर, फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे बसवायच्या काचा, त्या पुसायची फडकी, आणि फडक्यांवर धूळ बसू नये म्हणून एक वेगळी पिशवी.

पूर्वसूरींशी तुलना केली असता हा पसारा क्षुल्लक वाटतो, एवढे त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने प्रसिद्ध केलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरून, ती चांदीच्या क्षारात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, वाळण्यापूर्वीच अंधाऱ्या जागेत धुवावी लागे. म्हणजे छायाचित्रकार जेथे जाईल तेथे त्याच्यामागून काचा, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि अंधाराचा एक अख्खा तंबू जात असे. मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता, त्याच राज्यातील अजिंठ्याच्या लेण्यांत मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून भिंतींवरील चित्रांच्या प्रतिकृती रंगवीत राहिला आणि पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला. अजिंठ्याहून सातासमुद्रापार सुखरूप पोचलेल्या त्याच्या रंगचित्रांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये, चांगली टांगून ठेवलेली असताना, आगीत जळाली. तेव्हा वाटेत माल फुटण्याच्या भीतीने जे रात्रभर जागतात, त्यांनी मुक्कामाच्या ठिकाणचाही थोडा विचार करावा. सहावे निजाम महबूब अली खान यांनी १८८५ साली दरबारी छायाचित्रकार म्हणून नेमलेले लाला दीनदयाळ यांच्या काळात कोरड्या काचा आल्या होत्या व अंधाराचा तंबू सुटला होता. तथापि काच ती काचच. दीनदयाळांना ती मोटारसायकलीवर बांधावी लागली नाही, हे त्यांचे आणि पुढच्या पिढ्यांचे भाग्य.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळता येईल. दुचाकीचा तोल राखण्यासाठी जड सामान शक्य तितके खाली आणि दोन चाकांच्या मध्ये असावे, असा नियम आहे. ते मागच्या कॅरिअरवर, आसाच्याही पलीकडे उंच रचले की पुढचे चाक हलके पडते आणि हँडल वेगात डगमगू लागते. यावर पाठपिशवी हा उपाय अनेकांना सुचतो. चालकाचे शरीर हे उत्तम धक्काशोषक असल्यामुळे पाठीवरचा कॅमेरा सर्वांत सुखात राहतो, हे खरेच आहे. परंतु गाडी घसरून चालक पाठीवर आपटला, तर दीड किलोची लेन्स मणक्यात कोणत्या कोनातून शिरेल, याचा विचार केल्यावर त्या सुखाचा मोबदला जास्त वाटू लागतो. टाकीवर बसणारी पिशवी तोलाच्या दृष्टीने निर्दोष, पण इंजिनाच्या सर्वांत जवळ. उरतात त्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या जोडपिशव्या, ज्यांची सोय जुन्या वाटसरूंनी खांद्यावरच्या पडशीत केव्हाच करून ठेवली होती. दोन्ही बाजूंचे वजन सारखे असावे, ही त्यांची अट. आणि एका बाजूला कॅमेरा, तर दुसऱ्या बाजूला त्याच्याच वजनाचे काय ठेवायचे, हा प्रश्न धर्माबादेत कधीच पडत नाही.

रस्त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. या भागातील काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता हळूहळू लाटांचा आकार घेतो. मोठे हादरे खड्ड्यांचे असतात व ते दिसतात. खरे नुकसान करणारी थरथर बारीक, अखंड व इंजिनातून येणारी असते. तिच्यामुळे लेन्समधील सुईच्या टोकाएवढे स्क्रू सैल होतात. काही आधुनिक कॅमेऱ्यांत हात हलला तरी चित्र हलू नये म्हणून सेन्सरच चुंबकांच्या आधाराने तरंगता ठेवलेला असतो, आणि कॅमेरा बंद केल्यावर तो आत सुटा राहून खुळखुळतो. हा आवाज सर्वस्वी निर्दोष असतो, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्या मालकाची भूक त्या दिवसापुरती मेलेली असते. मोबाइलही सुरक्षित नाही. मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलीच्या हँडलला आयफोन अडकवल्यास त्याच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता. यावर बाजारात फोम, म्हणजे स्पंजाचे कप्पे, मिळतात. मराठवाड्याजवळ मात्र त्याहून जुने उत्तर आहे, ते म्हणजे वाकळ. जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालून, बोट-बोट अंतरावर धावदोरा टाकून शिवलेली वाकळ थरथर शोषते, घाम शोषते, रात्री पांघरायला होते, आणि तिच्यात लाखाचा ऐवज असेल, असा संशय कोणालाही येत नाही.

हवामान हा स्वतंत्र अध्याय आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचे तापमान शून्य ते चाळीस अंश सेल्सियस असे दिलेले असते. या हिशेबाने मे महिन्याच्या दुपारी मराठवाडा हा प्रदेश कॅमेऱ्यासाठी अस्तित्वातच नसतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते, म्हणून सिलिका जेल नावाच्या ओलावा शोषणाऱ्या खड्यांची पुडी पिशवीत टाकतात. त्यातील काही प्रकारचे निळे खडे ओलावा पिऊन गुलाबी होतात आणि तापवले की पुन्हा निळे होतात. मात्र त्यांचा निळेपणा कोबाल्टच्या विषारी क्षाराचा असल्याने घरातील भाकरीचा तवा त्यासाठी वापरू नये. हा इशारा तवा जिचा आहे, तिच्याकडून अधिक परिणामकारक शब्दांत मिळतो. जेलऐवजी तांदूळ टाकणाऱ्यांच्या लेन्समध्ये ओलावा तेवढाच राहतो आणि वर पीठ जमते.

सर्व काही आवळण्यासाठी पेठेत आकड्यांचे रबरी पट्टे मिळतात. धर्माबाद-बिलोली भागात जुनी ट्यूब कापून काढलेला पट्टा आणि त्यावर सुतळी, हीच पद्धत अधिक विश्वासाची मानली जाते. बांधणी चालू असताना कोपऱ्यावरच्या हॉटेलातले किमान तीन हितचिंतक चहाचा कप हातात घेऊन येतात व प्रत्येकजण आधीच्याची गाठ सोडून स्वतःची मारतो. ताग ओला झाला की फुगतो आणि त्याची गाठ दगडासारखी बसते. पाऊस पडून गेल्यावर ढगांतून तिरपे ऊन पडते, गोदावरीवर इंद्रधनुष्य उमटते, आणि त्याच वेळी छायाचित्रकार रस्त्याच्या कडेला वाकून दातांनी सुतळी सोडवत असतो.

प्रवासाचा मार्ग ठरवतानाही काही शास्त्र पाळावे लागते. धर्माबाद तालुक्यातील बाभळी येथील चौदा दरवाजांच्या बंधाऱ्यात तुडुंब पाण्याचे छायाचित्र हवे असेल, तर लेन्सपेक्षा निकालपत्र जवळ ठेवणे उपयुक्त ठरते. कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात दरवाजे वर उचललेले असतात आणि ऐन पावसाळ्यात पाणी अडत नाही, पुढे निघून जाते. त्यामुळे विवेकी प्रवासी कुंडलवाडी, बिलोलीमार्गे देगलूर गाठून होट्टलच्या चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिराकडे वळतो. गाभाऱ्यातील अंधारात कॅमेऱ्याची झडप कित्येक सेकंद उघडी ठेवावी लागते व तेवढा वेळ तो हलू नये म्हणून ट्रायपॉड, म्हणजे तिपाई, लागते. आणि ‘लागलं तर’ म्हणून आणलेल्या सर्व वस्तूंत खरोखर लागणारी हीच एक वस्तू सर्वांत आधी, म्हणजे सर्वांत खाली, बांधलेली असते. ती निघेपर्यंत पारावरच्या वडीलधाऱ्यांशी संवाद अटळ होतो.

“कुठून आलाव?”

“धर्माबादहून. देवळाचे फोटो काढायला.”

“मग एवढी घाई कशाची? देऊळ काय पळून चाललंय का? बसा, च्या घ्या. आमचा बी एक काढा.”

हा एक फोटो मोबाइलवर निघतो, कारण कॅमेरा अजून वाकळीत असतो. आणि परतल्यावर सगळ्यांत जास्त पाहिला जातो तोच.

पुढे उदगीर लागते. १७६० साली सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी निजामाचा येथे पराभव केला; ते सैन्य मुक्कामाला कोणाच्या मावशीकडे उतरले नव्हते, म्हणून मोहीम वेळेत पार पडली असावी. धर्माबादचा छायाचित्रकार किल्ल्याआधी मावशीकडे जातो. तिखट पोचते झाल्यावर एका पडशीतली जागा रिकामी होते व परतीचा भार हलका होईल, अशी समजूत नवख्यांची होते. पण तुरीचा हा प्रदेश असल्याने पाच किलो डाळ तेथे आधीच बांधून तयार असते. दोन किलोंच्या जागी पाच किलो आल्यावर काहीतरी कमी करणे भाग पडते, आणि मावशीचा निर्णय अंतिम असतो : “हे तीन पायांचं राहू दे इथं, पुढच्या येळंला ने.” पुढच्या वेळी तो आणायला गेले असता ट्रायपॉड पूर्ण उंचीला उघडून अंगणात उभा असतो व त्याच्या एका पायाला मच्छरदाणीची दोरी बांधलेली असते, दुसऱ्या पायावर पापडाचे फडके वाळत असल्यामुळे तो त्याही खेपेला मागता येत नाही.