सूर्यास प्रवेश नाही

शहर किती वाढलं हे कळायला पूर्वी शिरगणती लागायची. आपल्या हातात असलेली शेवटची शिरगणती २०११ ची. त्याच वर्षी विमाननगरला फिनिक्स उघडला आणि पुणेकरांनी माणसं मोजायचं सोडून मॉल मोजायला सुरुवात केली. २०२३ मध्ये त्याचं दुसरं भावंड वाकडला अवतरलं. आता आमच्या सोसायटीशेजारीही एक उभा राहिलाय. नाव सांगत नाही. भांडण शेजाऱ्याशी आहे आणि पार्किंग फक्त त्याच्याकडे आहे.

हा मॉल 'ग्रीन' आहे. तसा फलकच आहे, दोन मजले उंच आणि रात्रभर दिव्यांनी उजळलेला. पश्चिमेकडची अख्खी भिंत काचेची आहे. त्या काचेतून दुपारभर ऊन आत घुसतं आणि त्याला हुसकायला एसी जिवाच्या आकांताने चालतो. बाकीच्या तिन्ही बाजूंना खिडकी नावाला नाही, कारण बाहेर किती वाजलेत हे गिऱ्हाइकाला कळलं तर ते घरी जाईल. म्हणून भर दुपारी बाराला आत सगळे दिवे चालू. मुंबईत हाजी अलीजवळ १९९९ साली क्रॉसरोड्स उघडलं, तेव्हा आत शिरायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागे, नाहीतर साठ रुपये मोजावे लागत. ती अट पुढे माणसांसाठी शिथिल झाली. सूर्यासाठी अजून चालू असावी.

मग हा मॉल ग्रीन कशाने? तर गच्चीवरच्या सोलरने. खाली ज्याला दारात उभं करत नाहीत, त्याला वर गच्चीत बिनपगारी कामाला ठेवलंय. याचा हिशेब सोपा आहे. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. लाखभर चौरस फुटांची गच्ची पूर्ण झाकली तर दिवसाला चार हजार युनिट. पण गच्चीवर चिलर आहेत, कूलिंग टॉवर आहेत, पाण्याच्या टाक्या आहेत, जनरेटरचं धुराडं आहे आणि मल्टिप्लेक्सचं वर आलेलं टेंगूळ आहे. या सगळ्यांतून जी पट्टी उरली तिच्यावर पॅनल बसले. माहितीपत्रकात मात्र ड्रोनवाल्याने त्या पट्टीचाच फोटो असा काही काढलाय, की मॉल पॅनलखाली कुठेतरी असेल असं वाटावं. शिवाय गर्दी येते संध्याकाळी सहानंतर. म्हणजे सूर्याची ड्यूटी संपली की गिऱ्हाइकांची सुरू.

खरी गंमत पुढे आहे. २०२० च्या विकास नियमावलीत हरित इमारतीला बक्षीस ठेवलंय. मानांकनाच्या पायरीप्रमाणे मूळ चटईक्षेत्राच्या तीन, पाच किंवा सात टक्के जादा एफएसआय. म्हणजे इमारत जितकी पर्यावरणस्नेही, तितकी ती मोठी. आणि जितकी मोठी, तितकी तिची सावली लांब. ही सावली पडते कुठे, हे विचारणारा रकाना अर्जात नाही.

ती आमच्या गच्चीवर पडते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. घरगुती तीन किलोवॉटला ७८ हजार अनुदान, सोसायटीच्या लिफ्ट-पंपासाठी किलोवॉटमागे १८ हजार. आमचे वीज मंडळातून निवृत्त झालेले नाना पेटून उठले. वीस किलोवॉटचा प्रस्ताव त्यांनी सर्वसाधारण सभेत मांडला तेव्हा 'कुरडया कुठे वाळत घालायच्या' या मुद्द्यावर सभा दोनदा तहकूब झाली. शेवटी पॅनल आठ फूट उंच सांगाड्यावर घ्यायचे आणि खाली ऊन येईल तिथे कुरडया, असा तह झाला. पॅनल बसले, नेट मीटर बसला, दिवसाला ऐंशी युनिट पडू लागले. लिफ्टचं बिल बघून खजिनदारांनी पेढे वाटले. त्यानंतर मॉलने शेवटचे दोन मजले चढवले.

मॉल आमच्या नेमका नैर्ऋत्येला. वास्तुशास्त्रात नैर्ऋत्येला जड वस्तू असावी म्हणतात. इतकं शास्त्रोक्त जड दुसऱ्या कुठल्या सोसायटीच्या वाट्याला आलं नसेल. दुपार कलली की सावली पॅनलवर चढते. तिने ओळीतले दोन पॅनल धरले तरी अख्खी ओळ मान टाकते. आता पॅनलही कोरडे आणि कुरडया ओल्या.

नाना वकिलाकडे गेले. वकील म्हणाले, उजेडाचा हक्क कायद्यात आहे. इंग्रजांनी १८८२ सालीच करून ठेवलाय, फक्त त्या उजेडाचा वीस वर्षं अखंड उपभोग घेतलेला असावा लागतो. शिवाय तो खिडकीत येणाऱ्या उजेडासाठी आहे. गच्चीवरून वीज काढणारे त्या काळी नव्हते. नानांनी हिशेब केला. पॅनलची हमी पंचवीस वर्षांची. हक्क मिळाला तरी तो उपभोगायला पाच वर्षं उरतील, आणि तेव्हा नाना शंभरीच्या घरात असतील.

मग ते मॉलच्या मॅनेजरला भेटले. पोरगा नम्र होता. म्हणाला, "सर, आम्हीही सोलरवालेच आहोत. आपण एकाच बाजूचे."

"अहो, तोच तर घोळ आहे," नाना म्हणाले. "तुम्ही दुसऱ्या बाजूला असतात तर सावली तिकडे पडली असती."

त्याने सोसायटीला फूड कोर्टची दहा टक्के सवलतीची कुपनं दिली. ती आम्ही घेतली. तत्त्वाचा प्रश्न वेगळा, कुपनांचा वेगळा.

परवा लाईट गेली. सोलर असूनही आमची लिफ्ट अडकली, कारण बाहेरची वीज गेली की जोडलेला सोलरही आपोआप बंद होतो. तारेवर चढलेल्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून तशी सोयच असते. ग्रीन मॉलला मात्र काही झालं नाही. त्याचा जनरेटर लगेच धडधडायला लागला आणि डिझेलचा धूर आमच्याकडे आला. नैर्ऋत्येचं वारं पावसाळ्यात शुभ मानतात.

आता एकच काळजी उरली आहे. सौर प्रकल्प असेल तर महापालिका मिळकतकरात सवलत देते, पण तो चालू आहे ना हे बघायला माणूस येतो. त्यावर नानांनी तोडगा काढला. जिन्यात पाटी लागली आहे: 'सोसायटीचा सौर प्रकल्प दुपारी १ ते ४ बंद राहील.' तपासणीला आलेल्या माणसाने ती वाचली, मान डोलावली आणि सही केली. तोही पुण्याचाच होता.