उसनी साखर

साखर ना? देते की. वाटी ठेवा त्या कठड्यावर, आधी सुल्मोनाचं ऐका.

अहो, आमच्या भाचीचं सासर. रोमच्या पूर्वेला, डोंगरात. लग्नाआधी तिचा फोन, "मावशी, इथं लग्नात कॉन्फेटीला फार मान असतो हं." झालं! मी दुपारभर पताकांचे रंगीत कागद कातरत बसले, बोटाला फोड आला. पिशवी उघडली तर तिच्या सासूबाई हसून हसून खुर्चीत बसल्या. त्यांच्याकडे कॉन्फेटी म्हणजे साखर चढवलेले बदाम! गाव त्यासाठीच प्रसिद्ध, १७८३ पासूनचा एक कारखाना अजून चालू आहे. बदामांना रंगीत कागद गुंडाळून, तारेवर बांधून फुलं करतात, दुकानाबाहेर मांडतात. मी लांबून खरीच समजले. पाहुण्यांना पुरचुंडीत बदाम पाच. मोजून पाच.

मग माझे कागद? त्यांना म्हणतात कोरिआंदोली. म्हणजे धने! पूर्वी कार्निव्हलला धन्यांवर साखर चढवून एकमेकांवर फेकायचे. पुढे प्लास्टरच्या गोळ्या आल्या, मग कागद. पण नाव धन्यांचंच राहिलं. इंग्रजांनी नाव उचललं बदामाचं आणि चिकटवलं कागदाला. म्हणजे फसले ते, आणि फोड माझ्या बोटाला!

आता साखर चढवायला आपल्याला का कुणी शिकवायचं? मंद शेगडीवर परात, चमचा चमचा पाक, आणि तीळ हलवत बसायचं काटा येईपर्यंत. हलवाच तो. तुमच्या चिनूच्या बोरन्हाणाला त्याच्या डोक्यावर ओतला, तो कार्निव्हल नाही तर काय?

साखरेचं तर विचारूच नका. आपली शर्करा, मुळात वाळू, खडे. इराण्यांनी शकर केली, अरबांनी सुक्कर, तिथून इटलीत झुक्केरो, फ्रान्सात स्युक्र, जर्मनीत त्सुकर. स्पेनवाल्यांनी अरबांचा 'अल'सुद्धा ठेवून घेतला आणि आथुकार केलं. उसन्या साखरेबरोबर वाटीही ठेवून घ्यावी, तसं. तुम्हाला नाही हो म्हणत.

आणि कँडी कुणाची? आपली खांड! फारसीत कंद, अरबीत कंदी, फ्रेंचांत स्युक्र कांदी, म्हणजे चक्क खडीसाखर. अमेरिकेतली नातवंडं 'कँडी, कँडी' करतात तेव्हा मला हसूच येतं. जर्मन लोक गोळीला बोंबों म्हणतात, ते फ्रेंच पोरांचं 'छान-छान'. स्वीडनमध्ये गोदिस, तेही 'छान'वरूनच. पोर्तुगीज मात्र माझ्यासारखे सरळ. रेबुसादु म्हणजे गुंडाळलेलं. कागदात गुंडाळलंय, बास.

हसू नका, आपण तरी कुठं शहाणे? लिमलेटची गोळी असो नाहीतर आंब्याची, रडणाऱ्या पोराला म्हणायचं, "चॉकलेट घे."

अगंबाई, तुमचं आधण आटलं असेल! द्या वाटी, आलेच.

...अहो वहिनी, डब्यात चमचाभरच निघाली. खडीसाखर घालू?