वर्गातल्या ट्राउटची पाठवणी

अहो काकू, तुळशीची कुंडी मग आत घ्या, आधी जरा कुंपणाशी या. आमच्या चिरंजीवांच्या वर्गातले ट्राउट काल ओढ्यात सोडले. हो, मासेच. शाळेतच वाढवलेले.

तळायला नाही हो! तुम्हा मालवणकरांना मासा म्हटलं की तवाच दिसतो.

ऑक्टोबरात पिक्वेस्टच्या सरकारी हॅचरीतून, म्हणजे मासे पैदा करण्याच्या केंद्रातून, अंडी आली. ज्वारीच्या दाण्याएवढी, केशरी, आणि प्रत्येकात दोन काळे ठिपके. ते डोळे! डोळे दिसायला लागले की मगच अंडी हलवायची, आधी धक्का सोसत नाही. पाणी थंड ठेवायला टाकीला चिलर, 52 फॅरनहाइट, म्हणजे आपले 11 सेल्सिअस. उजेड लागू नये म्हणून चारी बाजूंनी फोमची पाटी. बाळंतिणीच्या खोलीलासुद्धा कोणी इतकं जपत नाही. पांढरं पडलेलं अंडं म्हणजे मेलेलं. ते लगेच ड्रॉपरने उचलायचं, नाहीतर बुरशी धरते आणि शेजारच्या अंड्यांनाही लागते. हे काम आमच्या चिरंजीवांकडे होतं. घरी स्वतःचं ताट उचलत नाही, पण तिथे रोज हजर!

पिल्लं निघाली तेव्हा पोटाला बलकाची पिशवी. ती संपेपर्यंत नुसती तळाशी पडून, खाणं घालायचं नाही. मग वर पोहायला लागली की पिठासारखं बारीक खाद्य, तेही चिमूटभर. इथेच घोळ झाला. कोणाचा मुलगा ते सांगत नाही, तुम्ही ओळखालच. शनिवार-रविवार बिचारी उपाशी राहतील म्हणून त्याने शुक्रवारी निघताना मूठभर टाकलं. उरलेलं कुजलं, अमोनिया वाढला. रविवारी बाई सहज डोकावल्या, तर तपासणीच्या नळीतलं पाणी पिवळं दिसायचं ते हिरवंगार. बरं, पाणी बदलायचं तर नळाचं तसंच ओतता येत नाही, आधी क्लोरीन काढावं लागतं. थोडे मासे गेलेच. आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महाभारत झालं ते वेगळंच.

सोडायलाही सरकारची परवानगी लागते, आणि ठरवून दिलेल्याच ओढ्यात. आधी मुलांनी पाण्यातले दगड उलटून किडे शोधले. मेफ्लायची, स्टोनफ्लायची पिल्लं सापडली म्हणजे पाणी चांगलं, घाण पाण्यात ती टिकत नाहीत. मग प्रत्येकाच्या हातात कागदी पेला, पेल्यात बोटाएवढा मासा, अंगावर गडद पट्टे. पेल्यात थोडं थोडं ओढ्याचं पाणी घालायचं, माशाला सवय झाली की पेला आडवा करायचा. दोघीतिघी रडल्या म्हणे. बहुतेक पिल्लं बगळे आणि मोठे मासे खाणार, हे बाईंनी मुलांना सरळ सांगितलं. मला तरी ते पटलं.

आता घरी रोज शिकवणी चालू आहे. लॉनला खत घालू नका, पावसाबरोबर ओढ्यात जातं. काठची झाडं तोडू नका, सावली गेली की पाणी तापतं आणि ट्राउट मरतो. ह्यांनी नुकतंच खताचं पोतं आणलं होतं, ते गॅरेजात तसंच पडलंय आणि हे फुरंगटून बसलेत.

आणि हा सगळा उद्योग कोणाचा, माहितीये? ट्राउट अनलिमिटेडचा. 1959 साली मिशिगनमध्ये गळ टाकणाऱ्यांनीच काढलेली संस्था. ज्यांना मासा हवा त्यांनीच पाण्याची काळजी घेतली, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

आपल्याकडे महाराष्ट्रातही 2023 साली पापलेटाला राज्यमासा केलं ना, ते पिल्लंच उचलली जातात म्हणूनच. ठरावीक मापाखालचं पकडायचं नाही असा नियमही आहे. तेव्हा काकू, डिसेंबरात मालवणला जाल तेव्हा बाजारात तळहाताएवढं पापलेट दिसलं तर घेऊ नका, आणि तुमच्या वहिनींनाही घेऊ देऊ नका.